पुंगळी, डाय आणि स्प्रिंगबॅक : रायफलच्या काडतुसासाठी पहिली डाय कशी निवडतात

मेटल फॉर्मिंगमध्ये स्प्रिंगबॅक शिकवताना आपण बहुधा पत्रा वाकवण्याचे उदाहरण घेतो. ९० अंशांचा कोन हवा असेल तर पंच थोडा पुढे न्यावा लागतो, कारण भार काढताच पत्रा किंचित उलगडतो. याच तत्त्वाचे आणखी बोलके उदाहरण अमेरिकेतल्या नेमबाजांच्या गॅरेजमध्ये दिसते. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची आणि भरायची, हा तिथला जुना छंद आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, तेव्हा हे घरी करून पाहण्याचे काम नव्हे. या टिपणात दारूचा आणि तिच्या मात्रेचा विचार नाही, फक्त डायचा आहे. उदाहरणासाठी १९५२ साली बाजारात आलेले .३०८ विंचेस्टर हे काडतूस घेऊ.

पुंगळी ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची असते. बूड जाड, भिंत वर जाताना पातळ, मग खांदा आणि शेवटी गोळी धरणारी मान. चाप ओढल्यावर वायूच्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणूनच बोल्ट उघडल्यावर बाहेर निघते. म्हणजे चेंबर ही पहिली डायच झाली. बाहेर आलेली पुंगळी त्या एका रायफलच्या चेंबरच्या मापाची असते आणि मान इतकी सैल झालेली असते की गोळी तिच्यात टिकत नाही.

नवशिक्यापुढचा पहिला प्रश्न इथे येतो : फक्त मान आवळणारी डाय घ्यायची की पूर्ण लांबीची? मानेपुरती डाय पितळेला कमी राबवते, म्हणून पुंगळी जास्त टिकेल असे वाटते. काही अंशी ते खरेही आहे. पण अंग दर वेळी थोडे थोडे फुगत जाते आणि काही फेऱ्यांनंतर बोल्ट जड लागू लागतो. शिवाय ती काडतुसे दुसऱ्या रायफलमध्ये बसतीलच याची खात्री नाही. स्वयंभरण रायफलमध्ये तर बोल्ट स्प्रिंगच्या जोरावर बंद होतो, तिथे हा मार्ग सोडूनच द्यावा. माझ्या मते पहिली डाय पूर्ण लांबीचीच असावी.

मात्र खरी गोम डायच्या प्रकारापेक्षा ती किती खाली बसवली यात आहे. डाय शेल होल्डरला टेकेपर्यंत खाली आणा आणि वर थोडा फेरा द्या, अशी सूचना डायसोबत बहुधा असते. अशी बसवलेली डाय खांदा जवळजवळ कमाल मागे ढकलते. चेंबर त्यामानाने खोल असेल तर पुंगळी आत ढिली राहते. दाब चढताच तिची पातळ पुढची भिंत चेंबरला घट्ट धरते, जाड बूड मात्र बोल्टच्या दिशेने मागे सरकते, आणि ताण पडतो तो बुडाच्या जरा वर. दर फेरीला तिथली भिंत पातळ होते, बाहेरून चकचकीत कडे दिसू लागते आणि शेवटी बूड तुटून वेगळे होते. .३०८ विंचेस्टरसाठी अमेरिकी उद्योगमानक ६२,००० पीएसआय, म्हणजे सुमारे ४२७ मेगापास्कल, इतका कमाल दाब मान्य करते. तो वायू फटीतून मागे आला, तर तिथे नेमबाजाचा चेहरा असतो.

उपाय मोजमापाचा आहे. कॅलिपरला खांद्यावर टेकणारी जोडणी लावून उडवलेली पुंगळी मोजायची आणि डाय इतकीच खाली घ्यायची की खांदा ०.००१ ते ०.००२ इंच, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिमी मागे जाईल. स्वयंभरण रायफलला याहून थोडी जास्त मोकळीक देतात. म्हणून पैसे मोजकेच असतील तर महागडी डाय घेण्याऐवजी साधी डाय आणि ही जोडणी घ्यावी. ली, आरसीबीएस, हॉर्नाडी, रेडिंग यांपैकी कुणाचीही साधी डाय नीट बसवली तर चांगले काम देते. (आरसीबीएस हे नाव ‘रॉक चक बुलेट स्वेज’ या शब्दांवरून आले. म्हणजे तेही मुळात गोळी घडवण्याच्या एका डायचेच नाव.)

मानेचे गणित वेगळे आहे. कारखान्याला पातळातल्या पातळ भिंतीची मानही आवळेल अशी डाय बनवावी लागते. त्यामुळे सर्वसाधारण मान गरजेपेक्षा बरीच जास्त दाबली जाते आणि बाहेर येताना दांड्यावरचा गोळा तिला आतून पुन्हा उघडतो. पितळ दोनदा राबते, आणि मान कोरडी असेल तर गोळा ती ओढून वाकडीही करतो. मानेच्या आतून थोडे वंगण लावल्यास हे बरेच कमी होते. बुशिंग डायमध्ये आवळण्याचे माप निवडता येते. गोळी .३०८ इंच आणि मानेची भिंत ०.०१४ इंच असेल तर भरलेल्या काडतुसाची मान .३३६ इंच होईल, म्हणून .३३४ च्या बुशिंगपासून सुरुवात करायची. व्यवस्था छान आहे, पण भिंतीची जाडी मोजायची सवय नसेल तर पहिल्या वर्षी तिची गरज नाही.

गोळी बसवण्याच्या डायबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मायक्रोमीटरची टोपी सोयीची असते, आवश्यक नसते. त्याच डायमध्ये मान दुमडून गोळी पकडण्याची सोय असते, ती मात्र सुरुवातीला वर उचलून ठेवावी. खाच नसलेल्या गोळीवर मान दुमडायला गेलो तर खांदा फुगतो आणि काडतूस चेंबरमध्ये शिरत नाही. .३०-३० सारख्या, नळीच्या मॅगझिनमधून एकामागे एक चालणाऱ्या काडतुसांना ही दुमड खरोखर लागते.

वंगणाशिवाय रायफलची पुंगळी डायमध्ये घालू नये, ती अडकते आणि बाहेर काढताना बूड फाटते. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी कार्बाइड डाय कोरडी चालते, रायफलच्या खांदेदार पुंगळीला कार्बाइडमध्येही वंगण लागतेच. उलट वंगण जास्त झाले तर ते खांद्याशी साचून तिथे खळगे पडतात. साफसफाईला अमोनिया असलेला द्रव वापरू नये. ब्रिटिश काळात भारतात, पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांना चिरा पडत. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया आणि ओढून बनवलेल्या पितळेतला उरलेला ताण, ही त्यामागची जोडी. ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव त्या ऋतूवरूनच पडले.

एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. डाय तीच, बसवणीही तीच, तरी पाचसहा फेऱ्या झालेली पुंगळी नव्या पुंगळीपेक्षा लांब निघते. वर्क हार्डनिंगमुळे तिची यील्ड स्ट्रेंथ वाढलेली असते, म्हणून स्प्रिंगबॅकही वाढतो आणि खांदा पुढे परततो. काहीजण मग डाय आणखी खाली घेतात आणि त्याच बसवणीत नव्या पुंगळ्या घालून त्यांचा खांदा गरजेपेक्षा मागे नेतात. त्याऐवजी मान आणि खांदा तेवढे ॲनील करतात. बुडाला उष्णता लागू द्यायची नाही, कारण दाब सहन करण्यासाठी ते कठीणच राहावे लागते.

बहुतेक डाय ७/८ इंच व्यासाच्या आणि इंचाला १४ आटे असलेल्या असतात, त्यामुळे एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये बसते. शेल होल्डर डायसोबत आहे की वेगळा घ्यायचा, ते आधी पाहावे. .३०८, .२४३ विंचेस्टर, .३०-०६ आणि ६.५ क्रीडमूर यांच्या बुडाचा व्यास .४७३ इंच आहे, त्या सर्वांना एकच शेल होल्डर चालतो.