पगारातले 200 रुपये आणि गरिबी हटवण्याचं नियोजन

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी मजकूर जवळपास तसाच.)

पनवेलहून सकाळची लोकल पकडून मुंबईला नोकरीला जाणारे आपले बरेच श्रोते आहेत. त्यांना आज एक छोटं काम. तुमची सॅलरी स्लिप उघडा. बहुतेकांच्या स्लिपमध्ये ‘पी. टी.’ या नावाखाली महिन्याला 200 रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत 300. म्हणजे वर्षाचे 2500. हा व्यवसाय कर. तो कशासाठी लागला, हे किती जणांना ठाऊक आहे?

आजचा विषय आहे, देशाची गरिबी कमी करायची योजना आखतात तेव्हा नेमकं काय ठरवावं लागतं. नुसतं ‘अमुक सालापर्यंत गरिबी संपवू’ म्हणणं म्हणजे नियोजन नव्हे. चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. गरीब कोण? त्याला हक्काने काय मिळणार? पैसा कुठून येणार? आणि यातून कोण सुटतंय?

गरीब कोण?

1971 साली पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी गरिबी मोजली ती पोटावरून. माणशी रोज 2250 कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला परवडत नाही, तो गरीब. आता नीती आयोग पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, घर, बँक खातं असे 12 निकष लावतो. त्या हिशेबाने 2015-16 मध्ये देशात 24.85 टक्के लोक गरीब होते, 2019-21 मध्ये 14.96 टक्के. महाराष्ट्रात हा आकडा 14.80 वरून 7.81 वर आला. पण लक्षात घ्या, या 12 निकषांत ‘हाताला काम आहे का’ हा प्रश्न नाही. गॅस आणि बँक खातं आलं की आकडा खाली येतो. काम मात्र वेगळं मोजावं लागतं.

हक्काने काय मिळणार?

इथे महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. त्यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला प्रयोग झाला. मागेल त्याला काम. मग 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत, माती वाहत होती. त्या अनुभवानंतर 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला.

यातली युक्ती साधी आहे. गरिबांची यादी करायचीच नाही. यादी आली की वशिला आला. उन्हात माती उपसायला जो स्वतःहून येतो, त्याला गरज आहे हे मान्य करायचं. पुढे 2005 मध्ये केंद्राने हीच कल्पना देशभर नेली: ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवस काम, आणि 15 दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता.

पैसा कुठून?

आता तुमचे 200 रुपये. व्यवसाय कराचा कायदा 1975 चा. रोजगार हमीला पैसा हवा म्हणून तो आला. शहरातल्या पगारदारांकडून घ्यायचं, सरकारने तेवढीच भर घालायची आणि गावातल्या कामावर खर्च करायचं. हक्क द्यायचा तर त्याच्यासाठी पैशाची सोय आधी लावावी लागते. नाहीतर पहिल्या तंगीतच काम बंद पडतं.

कोण सुटतंय?

इथे आपलं पनवेल येतं. 1 ऑक्टोबर 2016 ला पनवेल महानगरपालिका झाली आणि आजूबाजूची 29 गावं तिच्या हद्दीत आली. केंद्राचा कायदा ग्रामीण भागापुरता. म्हणजे माणूस तोच, झोपडी तीच, हातातलं काम तेच, पण नकाशावरची रेघ सरकली आणि हमी गेली. केरळने 2010 मध्ये आणि राजस्थानने 2022 मध्ये शहरी रोजगाराची योजना आणली, ती याच खड्ड्यासाठी.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या तालुक्यातल्या कातकरी वाड्या बघा. दिवाळीनंतर कितीतरी घरांना कुलूप. सगळं कुटुंब, पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर, ते थेट पावसाच्या तोंडाला परत. का जातात? कारण पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीवाला उचल देतो. ती फेडायला पुढचे सहा-सात महिने जातात. सरकारी कामाचे पैसे आधी काम, मग हजेरी, मग बँक असे येतात. श्रावणात भुकेल्या माणसाला माघातल्या मजुरीचा काय उपयोग? पोरांची शाळा बुडते आणि पुढच्या पिढीची उचल तिथेच ठरते.

म्हणून गरिबीची राष्ट्रीय योजना वाचताना आकडा नंतर बघा. आधी विचारा, हे माझ्या गावातल्या माणसापर्यंत कुठल्या महिन्यात पोचणार? पावसाळ्यात धान्य आणि बिनव्याजी थोडी रक्कम, पाऊस थांबताच वाडीजवळ काम आणि आठवड्याला मजुरी, एवढं जुळलं तर उचल घ्यायची वेळच येणार नाही. यात नवं काही शोधायचं नाही. तारखा जुळवायच्या आहेत.

तेव्हा या महिन्याची स्लिप आली की त्या 200 रुपयांकडे एकदा नीट बघा. तुमच्या वाडीत, गावात दिवाळीनंतर काय होतं ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.