उधारी मागताना तुमचा आवाज का बसतो?

मागच्या व्हिडिओत आपण उधारीची वही कशी ठेवायची ते बघितलं. तारीख, बिल नंबर, रक्कम, आठवणीचा फोन कधी करायचा, सगळं. त्यानंतर वर्गाला येणाऱ्या एका ताईंनी मला थांबवून विचारलं, "सर, वही आहे, नंबर पण आहे. पण फोन हातात घेतला की बोलताच येत नाही. त्याचं काय करायचं?" मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर आज लिहितोय. ते मला स्वतःला सापडायला बरीच वर्षं लागली.

माझं गिरगावात, ठाकूरद्वारला पॅकिंगच्या सामानाचं दुकान आहे. खोके, डबे, पिशव्या, सेलोटेप. घरगुती फराळ करणाऱ्या बायका आणि छोटे केटरर ही माझी गिऱ्हाइकं. 2019 च्या दिवाळीनंतर हिशेबाला बसलो तेव्हा लोकांकडून येणं होतं 1 लाख 84 हजार. धंदा तोट्यात नव्हता. माल जात होता, मार्जिन बरं होतं. पैसे फक्त दुसऱ्यांच्या खिशात होते आणि मी ते मागत नव्हतो. बीबीएला वर्किंग कॅपिटलच्या पेपरात मला चांगले मार्क होते, वर्गात तर मी हाच विषय शिकवत होतो. आणि 60 हजार थकवलेला केटरर काउंटरवर आला की मीच म्हणायचो, "असू दे हो, द्या सावकाश." वर त्याला चहा मागवायचो.

आळस म्हणा, भिडस्तपणा म्हणा. मीही तेच म्हणत होतो. पण ते तेवढंच नव्हतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि गिरगावातून गिरणगावात. मी लालबागच्या चाळीत वाढलो. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. लाखावर लोकांचं काम गेलं. माझे बाबा त्यातले एक. माझा जन्म त्यानंतरचा, म्हणजे मी संप बघितलेला नाही. मी बघितलं ते संपानंतरचं घर. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात असंच एक घर आहे. ते बघताना मला मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं होतं.

बाबा कधी वॉचमन, कधी कुरिअर, कधी नुसतेच घरी. संध्याकाळी जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की तो आवाज ऐकूनच आम्हाला कळायचं, आज प्यायलेत की नाही. त्यावर ठरायचं, अभ्यासाला बसायचं की शेजारच्या काकूंकडे सटकायचं. महिन्याची 20 तारीख उलटली की वाण्याकडे उधारीवर सामान आणायला मला पाठवायचे. आई जायची नाही, बाबा तर नाहीच. मी आठ वर्षांचा. हातात पिशवी आणि लाल कव्हरची वही. दुकान भरलेलं असायचं आणि शेठ सगळ्यांच्या डोक्यावरून ओरडायचे, "बाबांना सांग, आधी मागचं द्या!" एकदा माझ्या वर्गातली मुलगी आईबरोबर तिथेच उभी होती. पुढचं सांगत नाही.

आता केटररला फोन लावताना काय होत होतं ते बघा. माझ्या दृष्टीने पैसे मागणारा माणूस म्हणजे तो शेठ, आणि ज्याच्याकडे मागायचे तो म्हणजे वही घेतलेला मी. मला कुणावर तो प्रसंग आणायचा नव्हता. हे चांगुलपण वाटतं ना? मलाही वाटायचं. पण त्या चांगुलपणाचे पैसे माझी बायको भरत होती, घरखर्चात काटकसर करून.

लालबाग-परळची जुनी माणसं भोंग्यावर उठायची, भोंग्यावर जेवायची. लहानपणी सतत धास्तीत राहिलेल्या मुलाच्या शरीरात असाच एक भोंगा बसतो. धोका दिसला की वाजायचा, हे त्याचं काम. छातीत धडधड, घसा कोरडा, पळ किंवा गप्प बस. त्या वयात तो उपयोगाचाच असतो, त्याने मला कित्येकदा काकूंच्या घरात वेळेवर पोचवलंय. अडचण एवढीच की गिरणी बंद पडली तरी हा भोंगा बंद होत नाही. कित्येक वर्षांनी कुणी नुसता आवाज चढवला तरी वाजतो. मेंदूला त्या क्षणी 2019 आणि 1996 यात फरक करता येत नाही.

हे फक्त माझं रडगाणं नाही. अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी 1995 ते 1997 या काळात 17 हजारांहून जास्त लोकांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. मारहाण, अपमान, घरात दारू, आईला होणारी मारझोड, आईवडील वेगळे होणं, असे प्रश्न. ही नोकरीधंद्याची, आरोग्य विमा असलेली, चारचौघांसारखी माणसं होती. तरी जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या लहानपणात यातलं निदान एक तरी निघालं. आणि असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन, अगदी हृदयविकाराचंही प्रमाण जास्त. म्हणजे हे "मनाचे खेळ" नाहीत.

पण ही शक्यता आहे, पत्रिका नव्हे. हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं मागोवा घेतला. सगळ्यात वाईट परिस्थितीतल्या मुलांपैकीही साधारण एक तृतीयांश चांगली उभी राहिली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली: आयुष्यात एक तरी मोठं माणूस भरवशाचं होतं. मला वाचता वाचता काकू आठवल्या. त्यांनी कधी काही विचारलं नाही. दार उघडं ठेवायच्या आणि ताटात चपाती वाढायच्या.

धंद्यात हा भोंगा वेगवेगळ्या रूपात वाजतो. वर्गात मला रोज दिसतो. गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं की मागितल्याआधीच डिस्काउंट देणारे. एकही काम दुसऱ्याकडे न सोपवणारे, कारण लहानपणी भरवसा ठेवला आणि तोंडावर आपटले. आणि कर्जाचं नाव काढलं की उठून जाणारे. घराच्या दाराशी सावकार बघितलेल्या माणसाला बँकेचा हप्ता आणि सावकाराचा तगादा वेगळे वाटत नाहीत. याबाबतीत मला नेहमी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका आठवतात. कामगारांना जेवू घालायच्या आणि स्वतः सावकाराच्या विळख्यात असायच्या. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्या बायकांना एकत्र केलं, बँकेपर्यंत नेलं. पुढे प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या एकट्या गेल्या नाहीत. भीती तीच असणार, पण बाजूला दुसरी बाई उभी होती.

माझा भोंगा मात्र एकदा उलटा वाजला. नोव्हेंबरमध्ये दुकानातल्या पोराच्या हातून डब्यांचं बंडल पडलं. दोनशे-तीनशेचं नुकसान. मी असा ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली. तो एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याने मान खांद्यात घातली. ती मान मी ओळखली. मी तशीच घालायचो. आवाज बाबांचा होता, शब्दही त्यांचेच. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. पगार त्याने निरोप पाठवून भावाकरवी नेला.

त्यानंतर मी समुपदेशकाकडे गेलो. लाजत गेलो, हेही सांगतो. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "पैशासाठी फोन लावता तेव्हा तुम्हाला आपण किती वर्षांचे वाटता?" मी हसलो. मग म्हणालो, आठ.

माझ्यावर जी पद्धत वापरली ती अल्बर्ट एलिस यांची. मराठीत ती कि. मो. फडक्यांनी आयुष्यभर शिकवली, विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. मनात चाललेलं वाक्य कागदावर लिहायचं. माझं होतं: "मी पैसे मागितले तर तो दुखावेल, चिडेल, आणि ते मला सहनच होणार नाही." मग त्याच्याशी वकिलासारखं भांडायचं. चिडेल? कदाचित. सहन होणार नाही? मी आठव्या वर्षी याहून जास्त सहन केलंय. आणि नंतर घाबरत घाबरत ते करायचंच. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचे, म्हणून महिनाभर बागेत जाऊन शंभरेक अनोळखी बायकांशी बोलले. भेटायला यायचं कबूल फक्त एकीने केलं, तीही आली नाही. पण भीती गेली, असं ते सांगत.

तर ताई, तुमचं उत्तर. केटररपासून सुरुवात करू नका. वहीतली सगळ्यात छोटी रक्कम काढा. माझी 340 रुपयांची होती. शेजारी विश्वासाचं माणूस बसवा, माझ्या शेजारी बायको बसली होती. बोलायचं एवढंच: "ताई, 12 तारखेचं बिल, 340 रुपये बाकी आहेत. आज पाठवता की उद्या?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, कारण आतलं पोर लगेच "काही घाई नाही" म्हणायला धावतं. त्याला धरून ठेवा. मला त्या बाई म्हणाल्या, "अय्या, विसरलेच होते," आणि दोन मिनिटांत पैसे आले. मी दहा मिनिटं नुसता बसून होतो.

ज्यांच्या बाबतीत लहानपणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झालाय, त्यांनी मात्र हे वहीपेनाने एकट्याने उकरू नये. त्यासाठी शिकलेला माणूस लागतो, उपचारही वेगळे आहेत आणि ते लागू पडतात. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे आणि पालिकेच्या दरात आहे. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था 1990 पासून काम करतेय. जाणं जमत नसेल तर सरकारचा टेलि-मानस नंबर 14416, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

माझी वसुली पूर्ण झाली नाही. मार्चच्या मध्यापर्यंत 1 लाख 84 हजारांपैकी 1 लाख 21 हजार आले. मग 2020 च्या पाडव्यालाच लॉकडाऊन लागला आणि उरलेले बहुतेक बुडाले. पण आलेल्या पैशांवर दुकानाचं भाडं आणि दोन माणसांचे पगार निघाले.

त्याआधी, फेब्रुवारीत, लालबागला गेलो होतो. बाबांनी पिणं सोडून बरीच वर्षं झाली, आता फक्त टीव्ही आणि गॅलरी. मी त्यांना लाल वहीचा विषय काढला. भांडायचं नव्हतं, विचारायचं होतं. ते बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मी गेलो तर तो देणारच नव्हता. वाटायचं, लहान पोराला तरी नाही म्हणणार नाही." मी म्हटलं, म्हणायचा. ते म्हणाले, "तू कधी सांगितलं नाहीस." खरंच नव्हतं सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "त्या केटररने दिले का?"

"अर्धे दिले. बाकीचे पाडव्याला देतो म्हणालाय."

"तारीख लिहून घेतलीस ना?"