शाईच्या थेंबाला वळण

पाण्याच्या बाटलीच्या मानेवर, बिस्किटाच्या पुड्याच्या कडेला, शीतपेयाच्या डब्याच्या बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी काढलेली एक तारीख असते. अक्षरे विरळ, जराशी तिरकी, घाईत उमटवल्यासारखी. ती खरोखरच घाईत उमटलेली असतात. कारखान्यातल्या पट्ट्यावरून बाटल्या पळत असतात आणि काही मिलिमीटर अंतरावरचे एक नोझल त्यांना न शिवता शाईचे थेंब नेमक्या जागी फेकत असते. झेरॉक्सच्या दुकानातला रंगीत प्रिंटर आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची मशीन याच घराण्यातली. इंकजेट नावाचे हे घराणे छापखान्यात मात्र जन्मलेले नाही. त्याची सुरुवात झाली पाण्याच्या धारेपासून.

नळ बारीक सोडला की धार वर सलग दिसते आणि खाली तुटून थेंबांची होते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रोज घडणाऱ्या या गोष्टीचा फेलिक्स साव्हार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३३ मध्ये बारकाईने अभ्यास केला, आणि लॉर्ड रॅले यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस तिचे गणित मांडले. पृष्ठताणामुळे धारेवर बारीक लाटा उठतात. त्यांतली धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचार पट लांबीची लाट सगळ्यांत झपाट्याने वाढते आणि तीच धार तोडते. याचा अर्थ असा की धारेला बाहेरून योग्य गतीचा कंप दिला, तर ती वाटेल तशी न तुटता एकसारख्या थेंबांत तुटेल. या गणिताला शाईपर्यंत पोहोचायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला.

मधल्या काळात एका डॉक्टरने शाईची धार वेगळ्याच कामाला लावली. स्वीडनमधले रूने एल्मक्विस्ट शिकले होते वैद्यक, पण रमले यंत्रांत. हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्रातली लेखणी जड असायची. हृदयाचे जलद ठोके कागदावर उतरवताना ती मागे पडायची आणि आलेखाची टोके बोथट व्हायची. एल्मक्विस्ट यांनी लेखणीच काढून टाकली. त्यांनी एका अतिबारीक नळीतून शाईची धार कागदावर सोडली आणि विद्युतसंकेताबरोबर ती नळी हलवली. १९५१ मध्ये त्यांना याचे अमेरिकन पेटंट मिळाले आणि ‘मिंगोग्राफ’ या नावाने ते यंत्र रुग्णालयांत पोहोचले. याच एल्मक्विस्ट यांनी घडवलेला पेसमेकर १९५८ मध्ये स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात जगात प्रथमच माणसाच्या शरीरात बसवला गेला. इंकजेटच्या इतिहासात त्यांचे नाव सहसा एका ओळीत उरकले जाते. हा त्यांच्यावर अन्याय आहे, कारण कागदाला न टेकता लिहिता येते हे उपयोगात आणून दाखवणारा माणूस तो.

रॅले यांचे गणित खऱ्या अर्थाने हाताशी धरले ते स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रिचर्ड स्वीट यांनी, १९६०च्या दशकात. त्यांनाही पुस्तके छापायची नव्हती, जलद बदलणारे विद्युतसंकेत कागदावर नोंदवायचे होते. त्यांनी नोझलला कंप दिला, तेव्हा सेकंदाला सुमारे एक लाख या वेगाने एकसारखे थेंब सुटू लागले. थेंब धारेपासून तुटतो नेमक्या त्या क्षणी त्याला विद्युतभार द्यायचा आणि मग दोन भारित पट्ट्यांमधून जाताना भाराच्या प्रमाणात तो वळवायचा, ही स्वीट यांची खरी करामत. नको असलेले थेंब एका पन्हाळीत पकडून पुन्हा टाकीत. पाण्याच्या बाटलीवरची तारीख आजही मुळात याच रीतीने पडते. त्या अक्षरांचा तिरकेपणा हा धावत्या बाटलीच्या आणि वळवलेल्या थेंबाच्या वेगांचा हिशेब आहे.

स्वीट यांची कल्पना छपाईच्या आधी जीवशास्त्राने उचलली, हा या साऱ्या कहाणीतला सगळ्यांत सुंदर भाग. लॉस अ‍ॅलमॉस प्रयोगशाळेतले मॅक फुलवायलर यांना पेशी निवडून वेगळ्या करायच्या होत्या. त्यांनी शाईच्या जागी पेशी असलेला द्रव घेतला, हवी ती पेशी ज्या थेंबात असेल त्याला भार दिला आणि थेंब वेगळ्या नळीत वळवला. हे १९६५ साल. पुढे स्टॅनफर्डमध्येच लेनर्ड हर्झेनबर्ग यांनी त्याला प्रकाशमान रंगद्रव्यांची जोड दिली, आणि त्या कामात खुद्द स्वीटही सामील झाले. एचआयव्ही बाधिताच्या रक्तातल्या सीडी४ पेशी मोजणारी यंत्रे याच परंपरेतली.

स्वीट यांच्या रीतीत धार सतत वाहती ठेवावी लागते. त्यामुळे पंप, गाळणी आणि पन्हाळ असा सगळा संसार मांडावा लागतो. कारखान्याला ते परवडते, टेबलावरच्या यंत्राला नाही. हवा तेव्हाच एक थेंब सुटावा, एरवी शाई नोझलमध्ये गप्प उभी राहावी, हे पुढचे आव्हान होते. त्याचे पहिले उत्तर १८८० मध्येच क्यूरी बंधूंच्या हाती लागले होते: काही स्फटिक दाबले की वीज निर्माण करतात. उलट, वीज दिली की ते स्वतः आकसतात किंवा वाकतात. १९७०च्या दशकात अमेरिकेत स्टीव्हन झोल्टन यांनी अशा पिझो पदार्थाची नळी करून शाई पिळून काढली. स्वीडनमध्ये एरिक स्टेमे आणि कॅलिफोर्नियात एडमंड कायझर व स्टीफन सीअर्स यांनी वाकणाऱ्या पातळ पडद्याने शाई ढकलली. तत्त्व पक्के होते, पण नोझल बसवलेले हेड बनवणे जिकिरीचे. पिझोचे तुकडे मोठे, म्हणून नोझल थोडी. त्यात हवेचा एखादा बुडबुडा शिरला की दाब तोच गिळून टाकायचा आणि थेंब सुटायचा नाही.

बुडबुड्याला शत्रू मानणाऱ्या या क्षेत्रात दोन ठिकाणी, जवळजवळ एकाच वेळी, बुडबुड्यालाच कामाला लावायचे ठरले.

१९७७ मध्ये जपानमधल्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो काम करत होते. तिथे तापलेली सोल्डरिंगची कांडी शाई भरलेल्या इंजेक्शनच्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. हा अपघात दुर्लक्ष करण्याजोगा होता. एंडो यांनी मात्र तिथेच थांबून विचार केला: शाई इतकी जलद तापवता येईल का, की तिची वाफ होऊन एक बुडबुडा फुगेल आणि पुढच्या शाईला बाहेर ढकलेल? जेमतेम वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने कॅलिफोर्नियात ह्यूलेट-पॅकार्डमधले जॉन व्हॉट हेही याच टप्प्यावर आले होते. त्यांच्या डोक्यात उकळीच्या जोरावर कॉफी वर चढवणारे पर्कोलेटर होते. पेटंटच्या शर्यतीत कॅनन पुढे होती, आणि पुढे दोन्ही कंपन्यांनी एकमेकींशी समझोता केला. पण दोघांच्याही आधी स्पेरी रँड कंपनीच्या मार्क नेमन यांनी वाफेने शाई उडवण्याच्या तंत्राचे पेटंट १९६५ मध्येच मिळवले होते. कंपनीने ते फडताळात ठेवले. कल्पना सुचण्याइतकेच तिच्या मागे उभे राहणारे कुणीतरी असणे गरजेचे असते, हे त्या फडताळाकडे पाहून कळते.

हा बुडबुडा म्हणजे पातेल्यातली रटरटती उकळी नव्हे. नोझलमागचा इवलासा तापक काही मायक्रोसेकंदांत तीनशे अंशांच्या आसपास तापतो, त्याला टेकलेला शाईचा पातळ थर एकदम वाफ होतो, थेंब सुटतो, बुडबुडा कोसळतो आणि नवी शाई आत ओढली जाते. हे सेकंदाला हजारो वेळा. कोसळणारा बुडबुडा तापकावर घणासारखा आदळतो, म्हणून त्यावर टँटलम धातूचे चिलखत चढवावे लागले. दुसरी अडचण अधिक चिवट होती. दूध तापवताना पातेल्याच्या तळाला जशी खरवड धरते, तशी तापकावर रंगाची खरवड बसू लागली. जपानी अभियंत्यांनी करपण्यासाठीच्या आपल्या शब्दावरून तिला ‘कोगेशन’ म्हटले, आणि ते नाव जगभर रूढ झाले. शाईची रसायने बदलत, शुद्ध करत तिच्यावर मात करावी लागली.

ह्यूलेट-पॅकार्डच्या चमूने या सगळ्यावर एक धीट तोड काढली. हेड झिजणार, नोझल तुंबणार, हे त्यांनी मान्यच करून टाकले. मग हेड आणि शाई एकाच डबीत घालायची, आणि शाई संपली की हेडसकट डबी फेकायची! १९८४च्या ‘थिंकजेट’मध्ये हे प्रथम आले. १२ नोझल, इंचाला ९६ ठिपके, किंमत ४९५ डॉलर. त्याला खास कागद लागे आणि अक्षरेही काही देखणी नव्हती. चार वर्षांनी, १९८८ मध्ये, ‘डेस्कजेट’ आला तो इंचाला ३०० ठिपके घेऊन आणि साध्या कागदावर छापत.

मराठी मजकुरासाठी हा फरक फार मोलाचा होता. नऊ सुयांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर शिरोरेखा करवतीसारखी दिसे आणि ‘द्ध’, ‘ष्ट्य’ अशी जोडाक्षरे एकमेकांत मिसळून जात. देवनागरीत अक्षराच्या वर, खाली आणि पोटात इतके काही घडते, की ठिपका बारीक झाल्याशिवाय ती नीट वाचताच येत नाही.

पिझोवाले मात्र मागे पडल्यासारखे दिसत होते. जपानच्या एप्सनचे नावच इलेक्ट्रॉनिक प्रिंटरचा ‘सन’, म्हणजे मुलगा, या अर्थाने पडलेले. डॉट मॅट्रिक्समध्ये अग्रेसर असलेल्या या कंपनीने पिझो हेड लहान आणि स्वस्त करण्याची जिद्द धरली. १९९३ मध्ये ‘स्टायलस ८००’ आला आणि १९९४ मध्ये इंचाला ७२० ठिपक्यांचा रंगीत ‘स्टायलस कलर’. बुडबुड्याच्या रीतीला उकळू शकेल अशीच, बहुतेक पाण्याची शाई लागते, आणि पिझोला तशी कसलीच अट नाही. सॉल्व्हंट, तेल, अतिनील किरणांनी घट्ट होणारे राळ, मातीचे रंग, जे पातळ आहे ते तो ढकलतो. इंकजेट कार्यालयाबाहेर पडला तो मुख्यतः पिझोचा हात धरून.

स्पेनमधल्या केराजेटने २००० साली फरशांवर छपाई आणली. फरशीचे रंग म्हणजे खनिजांची भुकटी. ती नोझलमध्ये तळाशी बसून वाट अडवायची. ब्रिटनच्या झार कंपनीने शाई नोझलच्या अगदी मागून सतत फिरती ठेवणारे हेड काढले आणि ही तक्रार बरीचशी मिटली. घरात संगमरवरासारखी दिसणारी जी फरशी आज सहज मिळते, तिच्यावरच्या शिरा बहुधा अशाच थेंबांनी काढलेल्या असतात.

फ्लेक्सची गोष्ट महाराष्ट्राच्या अधिक जवळची, आणि अधिक दुखरी. बाबूराव पेंटरांपासून जी. कांबळे यांच्यापर्यंत कोल्हापूरने सिनेमाचे जाहिरातचित्र ही एक कला म्हणून वाढवली. गावोगावच्या पेंटरांचा चरितार्थ फलक, दुकानांच्या पाट्या आणि भिंती रंगवण्यावर चाले. नव्या शतकाच्या सुरुवातीला सॉल्व्हंट शाईच्या रुंद मशीन आल्या. आठवडाभराचे काम तासाभरात, तेही स्क्वेअर फुटाच्या दराने होऊ लागले. या धंद्यात मशीनची ओळखही हेडवरूनच सांगतात. ‘कोनिका आहे का?’ असे विचारले की कोनिका मिनोल्टाचे पिझो हेड असलेली मशीन समजायची. पेंटरांपैकी काही डिझाइन शिकून संगणकापुढे बसले, पुष्कळांचे ब्रश कायमचे वाळले. ही किंमत या तंत्राच्या हिशेबात धरायलाच हवी.

चित्रकलेशी त्याचे दुसरेही नाते जुळले. गायक ग्रॅहम नॅश यांनी लाखाहून अधिक डॉलरचा आयरिस प्रिंटर छायाचित्रे छापायला घेतला आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स हा छापखाना सुरू केला. तिथल्या जॅक डुगन यांनी या छापांना ‘झिक्ले’ हे नाव दिले, पिचकारी उडवण्यासाठीच्या फ्रेंच शब्दावरून. मात्र सुरुवातीच्या शाया काही वर्षांतच उडून जात. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाऐवजी बारीक रंगकण वापरायला लागल्यावर संग्रहालयांनी या छापांना दार उघडले.

घरगुती प्रिंटरचे अर्थकारण तोवर पार उलटे झाले होते. यंत्र स्वस्त, शाई महाग. त्यावर ग्राहकांनीच उपाय शोधला. इंडोनेशियात आणि भारतातही कार्ट्रिजला भोके पाडून, नळ्या जोडून, बाहेर शाईच्या बाटल्या लटकवल्या जाऊ लागल्या. एंडो यांच्या प्रयोगशाळेतले इंजेक्शन इथे गल्लोगल्ली शाई भरायला आले! एप्सनने या जुगाडाकडे चोरी म्हणून न पाहता गरज म्हणून पाहिले आणि २०१० मध्ये आधी इंडोनेशियात, पाठोपाठ इतरत्र, मुळातच मोठ्या टाक्या असलेला प्रिंटर विकायला काढला. पिझोचे हेड टिकाऊ असल्याने त्यांना हे सोपे गेले. काही वर्षांत कॅनन आणि ह्यूलेट-पॅकार्डही टाक्यांवर आल्या. हेडसकट डबी फेकण्याच्या कल्पनेला सर्वांत मोठे आव्हान असे फुटपाथवरच्या कारागिरांकडून मिळाले.

आज तालुक्याच्या गावातले ई-सेवा केंद्र या टाकीवाल्या प्रिंटरवर चालते. सातबारा, प्रवेशाचे अर्ज, पासपोर्ट साइजचे फोटो, सगळे त्यातूनच निघते. एका थेंबाचे आकारमान आता काही पिकोलिटरवर आले आहे, काही हेडमध्ये तर एका पिकोलिटरवर, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागावर. आणि तरीही दिवाळीच्या सुटीनंतर दुकान उघडले की पहिली प्रिंट पट्ट्यापट्ट्यांची येते, कारण नोझलच्या तोंडाशी शाई वाळलेली असते. दुकानदार हेड क्लीनिंग लावतो. चांगली शाई उपसून आतल्या स्पंजमध्ये जिरते. मग तो नोझल चेकचा कागद उजेडात धरतो, निळ्या जाळीतल्या तुटलेल्या दोन रेघा बोटाने दाखवतो आणि बाकावर बसलेल्यांना सांगतो, ‘अजून एकदा मारतो, थांबा पाच मिनिटं.’