वृद्ध तट्टाचा खुराक

लोधीखेडा, सौंसर आणि पांढुर्णा या पट्ट्यातील व्यापाराचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर त्यात अडते, दुकानदार व हमाल यांच्या बरोबरीने बैलाला आणि तट्टालाही एखादे पान द्यावे लागेल. मोटारीचा रस्ता जेथे पोहोचला नव्हता तेथे कापडाची गाठोडी आणि मिठामिरचीची पोती आठवडी बाजारापर्यंत नेण्याचे काम या मुक्या सोबत्यांनीच केले. आता ते दिवस गेले. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील अरुंद रुळांची आगगाडी जाऊन तिच्या जागी रुंद रुळांची आली, २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि तट्टू उरले ते वरातीपुरते, कोठे वीटभट्टीपुरते. काम संपलेले असे म्हातारे जनावर पांजरापोळीच्या दारात किंवा एखाद्या दयाळू सभासदाच्या वाड्यात येऊन उभे राहते, तेव्हा त्याचे काय करावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

पांजरापोळीची परंपरा आपणांस नवी नाही. मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने जी पांजरापोळ उभी राहिली तिला व्यापारी पेठांनीच हातभार लावला, आणि लहानमोठ्या गावांतूनही तोच शिरस्ता चालत आला. परंतु या संस्थांचा सारा अनुभव मुख्यतः गाईबैलांचा. गाईला जे मानवते ते तट्टाला मानवतेच असे नाही, आणि येथेच दयेची वाट चुकते. फासळ्या मोजून घ्याव्यात असे हडकलेले तट्टू पाहिले की आपला हात प्रथम कोठे जातो? गुळाच्या ढेपेकडे आणि चण्याच्या पोत्याकडे! सणावाराला कोणी गूळ-चणे घेऊन येतो, कोणी मक्याचा भरडा घालतो, आणि संत्र्यांच्या हंगामात डागी फळांची टोपली पुढे ठेवणारेही आम्ही पाहिले आहेत. ज्या तट्टाचे पाय एकदा खुरांच्या रोगाने धरले आहेत, त्याच्या बाबतीत हे दान म्हणजे त्याला पुन्हा लंगडे करण्याची तयारीच होय.

हा रोग कोणता, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात. तट्टाच्या खुराचे बाहेरचे कवच आणि आतील हाड यांना एकत्र धरून ठेवणारे असंख्य नाजूक पापुद्रे असतात. साऱ्या देहाचा भार त्या पापुद्र्यांवर तोललेला असतो. त्यांना दाह झाला म्हणजे ते सैल पडतात, आणि दुखणे वाढल्यास हाड आतल्या आत फिरते किंवा खाली उतरते. याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी दोन खुराकाशी निगडित आहेत. एकदम पुष्कळ धान्य पोटात गेले तर त्यातील पिठूळ अंश न पचता मोठ्या आतड्यात उतरतो, तेथे आंबतो आणि त्याचे विष रक्तात भिनते. दुसरे कारण अधिक छुपे आहे. कित्येक तट्टांच्या, विशेषतः वयस्क तट्टांच्या, रक्तात साखरेच्या आहारानंतर इन्शुलिन प्रमाणाबाहेर वाढते, आणि ते वाढलेले इन्शुलिनच खुरांना बाधते. २००७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्शुलिनचे प्रमाण मुद्दाम चढते ठेवून पाहिले, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्यांचे खूर या रोगाने धरले. म्हणजे पोट बिघडलेले नसताही केवळ गोडाने पाय जाऊ शकतात.

तथापि याचा अर्थ तट्टाला उपाशी ठेवावे असा कोणी घेऊ नये. उपवासाचे महत्त्व आपल्या घरांत कोणी कोणाला सांगावयास नको, पण ते तट्टाला लागू पडत नाही. अन्न तुटले की तट्टाच्या अंगातील चरबी एकदम रक्तात उतरते आणि त्याने ते दगावू शकते. रोडावलेल्या म्हाताऱ्या तट्टाला अन्न तर दिलेच पाहिजे. प्रश्न आहे तो कोणते द्यावे याचा.

खुराक वाढवण्यापूर्वी ते का वाळले याचा तपास करावा. तोंडातून अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे खाली पडत असतील तर दोष दातांचा आहे. दाढांची टोके घासून घेतल्यावाचून कितीही गवत घाला, ते अंगी लागणार नाही. शेण तपासून जंतांचे औषध द्यावे. आणि वैशाख तापला तरी ज्याच्या अंगावरचे हिवाळी लांब केस गळत नाहीत, त्याच्या मेंदूतील एका ग्रंथीचा विकार असण्याचा संभव फार. पंधरा वर्षांपुढील तट्टांत हा विकार दुर्मीळ नाही, त्याने मांस झडते आणि खूरही धरतात. रक्ताच्या तपासणीने तो ओळखता येतो व पर्गोलाइड नावाच्या औषधाने आटोक्यात राहतो. अशा तट्टाला केवळ खुराकाने बरे करू पाहणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे.

आता तराजूकडे वळू, कारण तो आपल्या हातचा विषय आहे. तट्टाला काट्यावर उभे करण्याची सोय नसेल तर कापडाच्या दुकानातील टेप पुरेशी आहे. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा, त्याला त्याच आकड्याने गुणावे, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने पुन्हा गुणावे आणि ११,८७७ ने भागावे. घेर १३५ व लांबी १२५ असल्यास वजन सुमारे १९२ किलो येते. दर पंधरवड्यास हे माप वहीत टिपून ठेवावे. आमच्या मते हिशेबाची वही ज्या घरात बिनचूक राहते त्या घरात तट्टूही नीट राहील. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणाराच फसतो.

एवढ्या वजनाच्या तट्टाला दिवसाकाठी सुमारे साडेतीन ते चार किलो सुके गवत लागते, म्हणजे वजनाच्या शेकडा दोनच्या आसपास. ते एकदम न टाकता चार वेळा विभागून घालावे. डोंगरउतारावरचे, पक्व झाल्यावर कापलेले गवत कोवळ्या गवतापेक्षा बरे. घालण्यापूर्वी ते थंड पाण्यात अर्धा ते एक तास भिजवून पाणी फेकून दिले म्हणजे त्यातील बरीच साखर निघून जाते. मात्र आमच्या भागातील उन्हाळ्यात ते याहून अधिक वेळ भिजत ठेवू नये, नाही तर आंबते. भिजवण्याने क्षारही जातात, म्हणून खनिज मिश्रण आणि चमचाभर मीठ रोजच्या खुराकात असावे. दात गेलेल्या तट्टाला गवताची बारीक कुट्टी करून ओलसर घालावी. उसाचे वाढे वर्ज्य समजावे, आणि पहिल्या पावसानंतर फुटलेल्या हिरवळीवर मोकळे सोडू नये. हिरव्या ज्वारीवरही तट्टू चरू देऊ नये. तिने मूत्राशय व मागचे पाय यांना अपाय होतो.

एवढ्याने अंग धरत नसेल तर बळ आणावयाचे कोठून? चण्यात शेकडा चाळीसच्या जवळपास पिठूळ अंश असतो, मक्यात व ज्वारीत सत्तरच्या आसपास. गूळ तर बहुतांशी साखरच. गव्हाचा कोंडा हलका वाटतो, परंतु तोही पिठापासून मुक्त नाही. याउलट सोयाबीनच्या पेंडीत पीठ थोडे आणि प्रथिने शेकडा चव्वेचाळीसच्या घरात असतात. झडलेले मांस त्यांनीच भरून येते. आरंभी ५० ग्रॅम देऊन हळूहळू २०० ग्रॅमपर्यंत जावे. कच्चे सोयाबीन मात्र देऊ नये. सुकवलेला लसूणघास अर्धा-पाऊण किलो गवतात मिसळला तर प्रथिनांची आणखी भर पडते. उरले तेल. समान वजनाच्या पिठापेक्षा तेलात सव्वादोन पट शक्ती असते आणि त्याने साखर वाढत नाही. जवसाचे किंवा सोयाबीनचे ताजे तेल २० मिलिलिटरपासून सुरू करून तीन आठवड्यांत १५० पर्यंत न्यावे. ही मंद चाल आवश्यक आहे, कारण घोड्याच्या जातीला पित्ताशय नसते, व एकदम तेल पडल्यास ढाळ लागतात. तेलाबरोबर ई जीवनसत्त्वही द्यावे. खवट तेल "जनावरालाच तर द्यायचे" म्हणून खपवण्याचा मोह कोणास होऊ नये!

पशुखाद्याचा व्यापार करणाऱ्या सभासदांसाठी एक इशारा वेगळा दिला पाहिजे. कोंबड्यांच्या व काही गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे द्रव्य मिसळलेले असते. गुरांना व कोंबड्यांना ते चालते, घोड्याला व तट्टाला ते प्राणघातक आहे. अशा पोत्यांतील सांडलवंड झाडून पांजरापोळीला पाठवू नये, आणि गोठ्यातही तट्टाचे घमेले वेगळे ठेवावे.

खुराकात कोणताही बदल करताना रोज सकाळी खुरांवर हात ठेवून पाहण्याची सवय सांभाळणाऱ्या गड्याला लावावी. खूर गरम लागणे, घोट्यामागील नाडी जोराने उडणे, पुढचे पाय ताणून भार मागे टाकणे, वळताना अडखळणे, यांपैकी काहीही दिसले की तेल, पेंड व लसूणघास थांबवून केवळ भिजवलेले गवत द्यावे, पायाखाली जाड मऊ भुसा पसरावा, चालवू नये आणि पशुवैद्यास त्याच दिवशी बोलवावे. वजन कोठपर्यंत वाढवावयाचे, हेही आधीच ठरवून ठेवावे: हात फिरवला असता फासळ्या सहज लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. मान जाड व कडक होऊ लागली तर मर्यादा ओलांडली असे समजून प्रथम तेल कमी करावे. आणि दानासाठी आलेल्या मंडळींनी आणलेले गूळ-चणे परत न पाठवता दारातल्या दारात वेगळ्या डब्यात उतरवून घ्यावेत. ते दुसऱ्या दिवशी कामाच्या बैलांना उपयोगी पडतात, आणि देणाऱ्याचेही मन दुखावत नाही.