लाइट गेल्यावर मोटर पिसाळते कशी?

लाइट गेली की मोटर गपचूप थांबणार, असंच वाटतं ना? पण जुन्या सीएनसी मशीनची सर्व्हो मोटर कधी कधी थांबायच्या आधी एका बाजूला जोरात झेप घेते. टेबलावर कुणाचा हात असेल, तर विचार करा.

असं का होतं? ॲम्प्लिफायरमध्ये दोन सप्लाय असतात. मोटरच्या सप्लायवर मोठे कपॅसिटर असतात, त्यामुळे लाइट गेल्यावरही त्यात चार्ज उरतो. कंट्रोल सर्किटचा सप्लाय छोटा, बहुतेकदा प्लस-मायनस 15 व्होल्टचा. तो आधी कोसळू शकतो. त्यात प्लस आणि मायनस एकदम उतरतीलच असं नाही. एक बाजू आधी गेली, की ऑप-ॲम्पचं आउटपुट शून्य सोडून एका टोकाला जातं. ॲम्प्लिफायरला वाटतं, फुल स्पीडची ऑर्डर आली! मोटरला पळवायला कपॅसिटर तयारच असतात.

म्हणून सर्किटमध्ये बदल करतात. कंट्रोल सप्लाय ठरावीक व्होल्टेजच्या खाली आला, की आउटपुट लगेच बंद करणारा भाग जोडतात. ‘इनेबल’ सिग्नल असेल तरच ड्राइव्ह चालू. वायर तुटली तरी बंद. मॉस्फेटचं गेट अधांतरी राहू नये म्हणून गेट आणि सोर्समध्ये साधारण 10 किलोओहमचा रेझिस्टर. (रोबोट बनवणाऱ्यांनो, हा काही पैशांचा रेझिस्टर विसरू नका.)

शिवाय रिले. पॉवर गेली की तो सुटतो, मोटरला ॲम्प्लिफायरपासून तोडून ब्रेकिंग रेझिस्टरवर टाकतो. कायम चुंबकाची डीसी मोटर मग जनरेटर बनते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. पण रिलेला सुटायला काही मिलिसेकंद लागतात, त्यामुळे एकट्या रिलेवर भागत नाही. उभ्या अक्षाला तर वेगळा मेकॅनिकल ब्रेकच हवा, कारण मोटर थांबली तरी वजन खाली ओढतच राहतं.