वार्धक्य, मूत्रपिंड आणि खारपाणपट्टा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील भूजल मचूळ, क्वचित अगदी खारट असते. आणि उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. अशा प्रदेशात वृद्ध शेतकऱ्याच्या मूत्रपिंडावर कोणता भार पडतो, हे समजण्यासाठी त्या इंद्रियातील पेशींचे संदेशवहन पाहिले पाहिजे.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक पाणी रक्तात परत जाते व मूत्ररूपाने साधारण दीड लिटरच बाहेर पडते. अखेरच्या टप्प्यावर किती पाणी राखावयाचे, हे व्हॅसोप्रेसीन नामक संप्रेरक ठरविते. शरीरात पाणी कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून ते रक्तात उतरते आणि मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींवर असलेल्या ग्राहीला जुळते. संप्रेरक स्वतः पेशीत शिरत नाही. त्याचा निरोप आत पोचविण्याचे काम चक्रीय एएमपी हे द्रव्य करते. या ‘दुसऱ्या दूता’च्या शोधाशी निगडित संशोधनाबद्दल अर्ल सदरलँड यांना 1971 साली नोबेल पारितोषिक मिळाले. निरोप पोचताच ॲक्वापोरीन 2 ही प्रथिने पेशीच्या मूत्राकडील पृष्ठभागावर येतात आणि त्यांच्या छिद्रांतून पाणी आत घेतले जाते. ॲक्वापोरिनांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्री हे 2003 साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

संभाषणास जसा वक्ता हवा, तसाच श्रोताही हवा. वार्धक्यात उणेपणा येतो तो मुख्यतः श्रोत्याच्या बाजूस. वृद्धांच्या रक्तातील व्हॅसोप्रेसीन सहसा घटलेले नसते. परंतु नलिकांच्या पेशी त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. प्रयोगशाळेतील वृद्ध उंदरांच्या मूत्रपिंडात ॲक्वापोरीन 2 कमी आढळले आहे. शिवाय गाळणक्रिया करणाऱ्या घटकांची संख्याही वयाबरोबर घटत जाते.

याचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. तरुण, निरोगी मूत्रपिंड रक्ताच्या सुमारे चौपट संहत मूत्र तयार करू शकते. म्हणजे थोड्या पाण्यात पुष्कळ क्षार बाहेर टाकते. उतारवयात ही शक्ती कमी होते. तेवढेच क्षार टाकण्यास अधिक पाणी खर्ची पडते. खाऱ्या पाण्याने क्षारांचा भार वाढतो, उन्हाने घाम वाढतो, आणि वयोमानाने तहानेची जाणीवही मंदावलेली असते. गरज वाढते, पण तिची सूचना मात्र क्षीण होते.

मूत्रपिंडाच्या सर्व विकारांचा दोष खाऱ्या पाण्यास देता येणार नाही. मधुमेह व रक्तदाब ही त्यांची प्रमुख कारणे होत. तथापि वृद्धांच्या बाबतीत दोन गोष्टी निश्चित होत. त्यांना तहानेची वाट न पाहता ठराविक वेळाने गोडे पाणी मिळाले पाहिजे. ज्यांना वैद्यांनी पाण्याचे प्रमाण बांधून दिले आहे, त्यांचा अपवाद. दुसरे असे की, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या सांधेदुखीवरील गोळ्या वैद्यास विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शरीर शुष्क झाले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकविणारे प्रोस्टाग्लँडिन हे स्थानिक दूतच त्या गोळ्या रोखून धरतात. आधीच मंदावलेल्या संदेशवहनावरील हा आघात वृद्ध मूत्रपिंडास झेपत नाही.