शिरेतून अन्न: कोणाला आणि कधी?

नांदेड-लातूरकडे कॅन्सरच्या रुग्णाचं खाणं तुटलं की घरचे डॉक्टरांना गळ घालतात, 'निदान सलाईन तरी लावा.' मागणी मायेपोटीच असते, पण सलाईनने पोट भरत नाही. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. त्यातून शंभर कॅलरीही मिळत नाहीत. ज्वारीची एक भाकरी त्याहून जास्त देते. प्रथिनं आणि स्निग्धांश तर त्या बाटलीत नसतातच.

शिरेतून संपूर्ण आहार देण्याची पद्धत वेगळी. अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक यांनी १९६८च्या सुमारास ती सिद्ध केली. हे द्रावण दाट असल्यामुळे पूर्ण आहारासाठी ते छातीतल्या मोठ्या शिरेत सोडावं लागतं. त्यातून जंतुसंसर्गाचा धोका असतो, रक्तातली साखर आणि क्षार वरचेवर तपासावे लागतात. आतडं अडलेलं आहे, पण रुग्णापुढे काही महिन्यांचं आयुष्य आहे, अशा वेळी हा उपचार खरोखर तारतो. सरसकट मात्र नाही. वाढलेला कॅन्सर शरीरात दाह पेटवतो आणि स्नायू झिजवतो; नुसतं अन्न ओतून ती झीज भरून येत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, १११ रुग्णांवरील फ्रेंच चाचणीत शिरेतल्या आहाराने ना आयुष्य वाढलं, ना जगणं सुसह्य झालं. गंभीर त्रास मात्र वाढले. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये गिळता येत नसलं, तरी आतडं बहुधा शाबूत असतं. तिथे नाकातून किंवा थेट पोटात घातलेली नळी जास्त सुरक्षित आणि स्वस्त पडते. एकदा शिकवलं की घरचेच तिच्यातून पातळ आहार देऊ शकतात.

'मग काय उपाशी मारायचं?' हा प्रश्न रास्त आहे. पण अखेरच्या दिवसांत भूक-तहान आपसूक मंदावते. अन्न सुटल्यामुळे मरण येत नाही. मरण जवळ आल्यामुळे अन्न सुटतं. २०१३च्या अमेरिकी चाचणीत १२९ रुग्णांपैकी काहींना रोज लिटरभर सलाईन दिलं, काहींना फक्त १०० मिलिलिटर. दोन्ही गटांच्या त्रासात लक्षणीय फरक पडला नाही. जास्तीच्या पाण्याने हातपाय सुजतात, छाती घरघरते. त्यापेक्षा ओठ ओले ठेवणं, मागेल तेव्हा चमचाभर पाणी देणं आणि वेदनेवर पुरेसं मॉर्फिन मिळणं महत्त्वाचं. म्हणून बाटली लावण्याआधी नातेवाइकांनी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: आतडं चालतंय का, यातून काय साधणार आणि कधी थांबायचं? याची स्पष्ट उत्तरं मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, मग तो जिल्हा रुग्णालयात असो की खासगी दवाखान्यात.